सही माझीच आहे

१

सोमवारी सकाळी परिजा वकील पान चघळत प्राचार्यांच्या खोलीत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग शिपाई ग्रंथालयात आला आणि म्हणाला, "नटवरबाबू, मॅडमनी बोलावलंय. लगेच."

कोर्टातून निवृत्त होऊन आता ग्रंथालय सांभाळणाऱ्या नटवर बारिक यांनी हातातला डिंकाचा ब्रश खाली ठेवला. सौदामिनी राउतराय मॅडम कुणाला लगेच बोलवत नसत. बोलवायचं असलं तर वेळ कळवत, आणि त्या वेळेला दारात उभं राहिलेल्या माणसाला एक मिनिटही ताटकळत ठेवत नसत. मुन्सिफ म्हणून नोकरीला लागल्यापासून जिल्हा न्यायाधीश, मग उच्च न्यायालयाच्या प्रशासनात रजिस्ट्रार आणि आता तीन वर्षं कटकच्या या नंदकिशोर विधी महाविद्यालयाच्या प्राचार्य, हा सगळा प्रवास बाईंनी घड्याळाच्या काट्यावर केला होता.

खोलीत परिजा वकील खुर्चीच्या टोकावर बसले होते. ते महाविद्यालयाच्या कार्यकारिणीचे सचिव. टेबलावर एका कागदाची छायाप्रत होती.

"वाचा," मॅडम म्हणाल्या.

जिल्हा न्यायालयातल्या टिपणीचं ते एक पान होतं. चौदा वर्षांपूर्वीचं, तारीख चौदा मे. शिपाई भरतीतला सतरा क्रमांकाचा उमेदवार आपल्या पेशकाराचा पुतण्या आहे, सबब त्याचे मुलाखतीचे गुण वाढवून त्याची निवड करावी, असं त्यात लिहिलं होतं. शेवटी 'मधल्या सुटीनंतर अडीच वाजता सादर, मंजूर', आणि खाली मॅडमची सही.

तेव्हाचा तो पेशकार, न्यायाधीशांपुढे कागद ठेवणारा कारकून, म्हणजे स्वतः नटवरबाबू. सतरा क्रमांकाचा उमेदवार म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा कालंदी. नटवरबाबूंनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"शनिवारी कार्यकारिणीच्या सगळ्या सभासदांना टपालाने आलं हे. पाठवणाऱ्याचं नाव नाही," परिजा म्हणाले. "परवा मॅडमच्या मुदतवाढीची सभा आहे. अस्सल नस्ती तिकडून मागवायची तर महिना जाईल. मॅडम, तुम्ही फक्त एवढं सांगा की ही सही तुमची नाही. बाकीचं मी बघतो."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या, आणि परिजांकडे न बघता नटवरबाबूंकडे बघू लागल्या.

२

ती नजर नटवरबाबूंच्या ओळखीची होती. साक्षीदार काहीतरी लपवतोय असं वाटलं की बाई अशाच बघायच्या. तीन वेगवेगळ्या पदांवर त्या त्यांच्या जिल्ह्यात आल्या होत्या आणि सगळी मिळून अकरा वर्षं नटवरबाबूंनी त्यांच्यासमोर बसून काम केलं होतं. पण ही नजर त्यांच्यावर कधी पडली नव्हती.

"मॅडम, मी कधी त्या पोरासाठी शब्द टाकला होता का?"

"नाही. तो तुमचा पुतण्या आहे हे मला आज कळतंय." त्यांनी प्रत परिजांपुढे सरकवली. "माझ्याच प्रकरणाची चौकशी मी करणार नाही. तुम्हीही कुणी माझ्या वतीने करू नका. बुधवारी सभा म्हणेल ते मान्य."

बाहेर आल्यावर परिजांनी प्रत नटवरबाबूंच्या हातात कोंबली. "तुमचं नाव आहे यात, म्हणजे तुम्ही पक्षकार. पक्षकाराला प्रत मिळायला हवी. आणि बाईंनी त्यांच्या वतीने चौकशी करू नका म्हटलंय. तुमच्या स्वतःच्या वतीने करायला कोण अडवतंय?"

दुपारी कालंदीचा फोन आला. बातमी त्याच्या जिल्हा न्यायालयातही पोचली होती. "काका, खरं सांगा. माझी नोकरी माझीच आहे ना?"

"हो रे बाबा."

"तुम्ही मॅडमना काही बोलला नव्हता ना? कारण मुलाखत माझी काही फार चांगली झाली नव्हती."

नटवरबाबूंनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आपण सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणी बाईंच्या कानावर घातलं असेल तर? बाईंनी आपल्यासाठी म्हणून, न बोलता, एवढं एकच वाकडं पाऊल टाकलं असेल तर? ज्या बाईला अकरा वर्षं देवासारखं मानलं, तिच्याबद्दल असा विचार आला याची त्यांना लाज वाटली, पण विचार काही जाईना.

कालंदीचं नातं या महाविद्यालयात कुणाला ठाऊक होतं, हे मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. पावसाळ्यात एकदा ग्रंथालयात चहा पिता पिता ते पुतण्याबद्दल, त्याची भरती आणि त्याचा सतरावा क्रमांक यांसह, कौतुकाने बोलले होते. ऐकायला तिघं होते. परिजा वकील, कचेरीतले बडेबाबू म्हणजे मुख्य कारकून गोलक साहू आणि उपप्राचार्य देवव्रत षडंगी.

म्हणजे तिघांपैकी एकाने तो चहा फार लक्ष देऊन प्यायला होता.

३

गोलक साहू फाटकाजवळच्या गाड्यावर दहीबरा-आलूदम खात उभे होते. मॅडम आल्यापासून हा माणूस कातावलेला होता. कचेरीतली आवक-जावकची असो की ग्रंथालयाची, प्रत्येक वही रोज संध्याकाळी बंद करायची, शेवटच्या नोंदीखाली तांबड्या शाईने रेघ मारायची आणि रेघेवर सही करायची, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडू शकत नाही, हा कोर्टाचा नियम मॅडमनी इथे आणला होता. गोलकबाबूंना तो जाच वाटे.

"मलाच विचारायला येणार तुम्ही, ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "बाईंनी माझं जिणं नकोसं केलंय हे जगजाहीर आहे. पण खोटा कोर्टाचा कागद बनवायला मी काय वेडा आहे? माझा बाप मोहरीर, वकिलाचा कारकून होता, नटवरबाबू. लहानपणी त्याचा डबा घेऊन मी कोर्टात जायचो. पोलीस न सांगता घरी येतात हे मला तेव्हापासून माहितीय."

"मग कोण?"

"तुम्हीच आरशात बघा. फायदा कुणाच्या पुतण्याचा झाला?" त्यांनी द्रोण चाटून टाकून दिला. "राग मानू नका. सगळे हेच बोलतायत."

नटवरबाबूंना राग आला होता, पण गिळला.

परिजा वकील ओसरीत सापडले. बाईंनी जिल्हा न्यायाधीश असताना त्यांचे दोन मोठे दावे फेटाळले होते, आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

"बाईंना इथे आणायला माझा विरोध होता," परिजा म्हणाले. "न्यायाधीशाने न्याय करावा, कॉलेज चालवू नये, असं माझं मत. पण तीन वर्षांत परीक्षेचे निकाल वेळेवर लागायला लागले, पोरं वर्गात बसायला लागली. मला तुमची बाई आवडत नाही, नटवरबाबू, पण मला ती हवीय. यातला फरक कळतो का तुम्हाला?"

"आज्ञा, कळतो." आदराने 'हो' म्हणायची ही त्यांची कोर्टातली सवय.

"मग माझ्यावर संशय घेण्यात वेळ घालवू नका."

राहिले षडंगी सर. ते सव्वीस वर्षं इथे शिकवत होते, कायद्याच्या कार्यपद्धतीवरची त्यांची टिपणं झेरॉक्सच्या दुकानात पुस्तकासारखी बांधून विकली जात. माणूस गोड. नटवरबाबूंना त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मला फार वाईट वाटलं हो," ते म्हणाले. "मॅडम माणूसच आहेत शेवटी. दुपारी जेवून आल्यावर डोळे जड असतात, समोर पेशकार आपला विश्वासाचा. केली असेल सही. मी तर म्हणतो, मॅडमनी सन्मानाने बाजूला व्हावं, म्हणजे कालंदीच्या नोकरीलाही कुणी हात लावणार नाही. तुम्ही समजावा त्यांना."

"मी काय समजावणार, सर?"

"तुमचं ऐकतात त्या. तुम्हीही मानता त्यांना. तो कागद अजून सांभाळून ठेवलायत ना तुम्ही?"

नटवरबाबूंनी झटकन दाराकडे बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. "सर, त्या कागदाचं नाव कुणापुढे काढू नका. हात जोडतो."

"छे छे, मी कशाला काढेन?" षडंगी सर हसले. "आपल्या दोघांतलं ते."

४

घरी बायकोने, साबित्रीदेवींनी, ताट वाढलं. जानेवारीच्या थंडीत ताट निवत चाललं, तरी नटवरबाबू भात नुसता चिवडत होते.

"एका कागदाने एवढं काय होतंय?" साबित्रीदेवी म्हणाल्या. "काय लिहिलंय त्यात ते तरी सांगा."

त्यांनी अक्षरन् अक्षर सांगितलं. तारीख, सतरा क्रमांक, अडीच वाजता.

"कुठल्या महिन्यात म्हणालात?"

"मे. चौदा मे."

साबित्रीदेवी वाढता वाढता थांबल्या. "मे महिन्यात दुपारी अडीचला तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर घोरत असायचात. साडेबाराला कोर्टातून यायचात, वाडगाभर पखाळ भात आणि भाजलेला बटाटा खायचात आणि पंख्याखाली आडवे व्हायचात. तुमच्या घोरण्याने मला कधी झोप लागली नाही. मला नाही तर कुणाला आठवणार?"

नटवरबाबूंचा हात ताटातच राहिला. उन्हाळ्यात त्यांच्याकडे सकाळचं कोर्ट. सातला सुरू, बाराला बंद. त्या उन्हात एक वाजता कोर्टाच्या आवारात कुत्रंसुद्धा उभं राहत नसे. मधली सुटी कसली आणि अडीच वाजता सादर काय. उभी हयात ज्या वेळापत्रकात काढली, तेच भीतीच्या भरात डोळ्यांआड झालं होतं.

कागद खोटा होता. बाईंनी काही केलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोकडे आणखी भात मागितला.

पण तो भात त्यांना संपवता आला नाही. 'मधल्या सुटीनंतर अडीच वाजता सादर' ही ओळ त्यांनी आणखी कुठेतरी वाचली होती. कुठे, ते आठवलं आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

मंगळवारी ऊन पडल्यावर त्यांनी पेटीच्या तळातून, लग्नाच्या धोतराच्या घडीतून एक पिवळा कागद काढला. खिडकीच्या काचेवर आधी तो धरला, त्यावर सोमवारची छायाप्रत ठेवली आणि हळूहळू सरकवली. सहीवर सही बसली. एकही वळण इकडचं तिकडे नाही. अकरा वर्षांत बाईंच्या हजारो सह्या त्यांनी बघितल्या होत्या, पण एकीसारखी दुसरी कधी दिसली नव्हती. एकच फरक होता. पिवळ्या कागदावर सहीखाली बाईंनी स्वतःच्या हाताने तारीख घातली होती, डिसेंबरमधली. छायाप्रतीत ती जागा कोरी होती आणि सहीची तारखेत उतरणारी शेपटी कापल्यासारखी अर्ध्यात तुटली होती.

बाईंना वाचवायचा पुरावा हातात होता. फक्त तो दाखवायचा तर हा कागद आपल्या पेटीत कसा आला, हे बाईंना सांगावं लागणार होतं.

५

बुधवारी अकराला सभा भरली. लांब टेबलाभोवती सात सभासद, एका टोकाला मॅडम. सभासदांत उपप्राचार्य म्हणून षडंगी सरही होते. नटवरबाबू हातात ग्रंथालयाची वही आणि एक पाकीट घेऊन आत आले.

"मला दोन शब्द बोलायचेत."

"मी नको म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"आज्ञा. तुमच्या वतीने नाही, मॅडम. हा माझ्या नावावरचा डाग आहे." ते परिजांकडे वळले. "परिजाबाबू, तुम्ही जिल्ह्यात वकिली केलीय. मे महिन्यात दुपारी अडीचला कोर्टात कोण सापडतं?"

परिजांनी समोरची प्रत उचलली, तारीख बघितली, वेळ बघितली आणि ते मोठ्याने हसले. "पाल सापडते. अरेरे, मी तीस वर्षं वकिली करतो आणि हे माझ्या लक्षात येऊ नये? सकाळचं कोर्ट." टेबलावर कुजबुज सुरू झाली. षडंगी सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

नटवरबाबूंनी पाकिटातून पिवळा कागद काढला, खिडकीशी धरून सही सहीवर बसवून दाखवली. सगळे सभासद पाळीपाळीने उठून बघून आले. मॅडम उठल्या नाहीत.

"हा डिसेंबरमधला कागद," नटवरबाबू म्हणाले. "हिवाळ्यात कोर्ट दिवसभर चालतं, तेव्हा मधली सुटी असते आणि अडीचला कागद सादर होतात. ज्याने तो खोटा कागद केला, त्याने ही ओळ जशीच्या तशी उचलली, सही उचलली आणि तारीख तेवढी मे महिन्यातली घातली, कारण भरती मे महिन्यात झाली होती. सहीखालची डिसेंबरची तारीख त्याला झाकावी लागली."

"आणि हा कागद होता कुणाकडे?" षडंगी सर म्हणाले. आवाजातला गोडवा संपला होता. "तुमच्याकडे. घरी, पेटीत. मग कारागीर कोण, हे काय आम्हाला शोधायला हवं? पुतण्याचं बिंग फुटेल म्हणून आधीच असा खोटा कागद करायचा, की खरा निघाला तरी खोटा ठरवता यावा."

क्षणभर सगळ्यांना ते पटलं. नटवरबाबूंना चेहऱ्यांवर ते दिसत होतं.

"माझ्याकडे होता, आणि आणखी एका माणसाकडे," ते म्हणाले. "संविधान दिनाच्या प्रदर्शनात कोर्टाच्या जुन्या आठवणी मांडायच्या म्हणून षडंगी सरांनी तो मागून घेतला. तीन आठवडे घरी ठेवला आणि जागा नाही म्हणून मांडलाच नाही. मी जुना पेशकार, सही घेतल्याशिवाय बापालाही कागद देत नाही." त्यांनी वही उघडली. "ही त्यांची सही, नेल्याची आणि परत केल्याची. खाली त्या त्या दिवसाची तांबडी रेघ. मागाहून लिहिलं असं म्हणायची सोय मॅडमनी ठेवलेली नाही."

वही टेबलाभोवती हातोहात फिरली.

"कागद आम्हा दोघांच्याच हातात होता. आता खोटा कुणी केला? मी तिथे चौतीस उन्हाळे काढलेत. मेमध्ये अडीच वाजता लिहायला माझा हात धजला नसता. गोलकबाबूंच्या हातूनही ही चूक झाली नसती, ते बापाचा डबा घेऊन कोर्टात गेलेत. ही चूक फक्त अशा माणसाच्या हातून होते, ज्याने कोर्ट पुस्तकात बघितलंय."

परिजांनी शांतपणे विचारलं, "षडंगीबाबू, तुम्ही खालच्या कोर्टात कधी गेलात?"

षडंगी सरांनी समोर आलेली वही मिटली. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं शिकवलं मी इथे. या शहरातले निम्मे वकील माझ्या हाताखालून गेले. आणि खुर्ची रिकामी झाली तेव्हा तुम्ही आणून बसवलंत कुणाला? आयुष्यात एक तास वर्ग न घेतलेल्या बाईला." ते उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेले.

मुदतवाढ उरलेल्या सहाही मतांनी मंजूर झाली. मॅडमनी पिवळा कागद उचलून आपल्या पाकिटात घातला. "नटवरबाबू, चार वाजता माझ्या खोलीत या," त्या म्हणाल्या.

आज वेळ सांगून बोलावलं होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

६

चार वाजता कागद टेबलावर उघडा होता. नटवरबाबूंच्या बढतीची ती टिपणी. मॅडमनी ती मोठ्याने वाचली.

"'श्री. बारिक यांच्या हातून आजवर न्यायालयाचा एकही कागद गहाळ झालेला नाही. शिरस्तेदार पदावर बढतीची शिफारस करते.'" त्यांनी मान वर केली. "हाच कागद तुम्ही कोर्टातून घरी नेलात?"

"निवृत्तीच्या दिवशी. नस्तीतून काढला. आयुष्यात एवढं चांगलं माझ्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं, मॅडम." त्यांनी हात जोडले. "चोरी केली. शिक्षा द्या."

मॅडमनी खिडकीबाहेर काठजोडी नदीकडे नजर वळवली.

"मे महिन्यात अडीच वाजता कोर्ट नसतं हे माझ्या सोमवारीच लक्षात आलं होतं," त्या म्हणाल्या.

नटवरबाबूंनी जोडलेले हात खाली घेतले. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कागद खोटा आहे असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की खरी सही कुणाकडून गेली. कोर्टाच्या कागदापर्यंत पोचणारा इथे एकच माणूस होता. मला वाटलं, माझ्या सहीचा कागद तुम्ही दिलात. पैशासाठी नाही, पुतण्यासाठी, कुणीतरी धमकावलं म्हणून. आयुष्यभर लोकांना सांगत आले की चौकशीला घाबरू नका. या वेळी मीच घाबरले. खुर्ची गेली असती तरी चालली असती, पण तुमचं नाव निघालेलं मला बघायचं नव्हतं."

"मीही तुमच्यावर संशय घेतला, मॅडम. वाटलं, कालंदीसाठी तुम्ही खरंच..."

"मग फिट्टंफाट झाली." त्या किंचित हसल्या. मग समोर कोरा कागद ओढला आणि लिहू लागल्या. जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षास, सोबतचा कागद श्री. नटवर बारिक यांच्याकडे अनधिकृतपणे होता, तो ते स्वतः आणून देत आहेत, नस्तीत लावून घ्यावा आणि त्यांच्याकडून लेखी खुलासा घ्यावा. सही केली, खाली हाताने तारीख घातली.

"उद्याच्या गाडीने जा. पोचपावती आणा."

"आज्ञा." नटवरबाबूंनी पिवळा कागद पत्रासोबत घडी घालून घेतला. दाराशी जाऊन ते वळले. "मॅडम, ती ओळ आता खोटी झाली. तिच्यावर रेघ मारायची का?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"पोचपावती मिळाली की खरी होईल," त्या म्हणाल्या. "जपून न्या. वाटेत हरवू नका."